मुलांची मिरगी : आईबापांचे अज्ञान की समाजाचा हिशेब?

(खापा, जि. नागपूर येथे कार्यकर्ते व पालक यांच्या सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



महागाई, बेरोजगारी, विणकरांच्या सुताचे भाव यांवर पक्षाच्या व्यासपीठावरून बोलणे आपल्या अंगवळणी पडले आहे. लहान मुलांच्या मिरगीवर बोलायचे म्हटले की हा तर डॉक्टरांचा विषय, त्यात अर्थशास्त्र शिकविणाऱ्या माणसाचा काय संबंध, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. प्रश्न रास्त आहे. रोगाचे निदान करणे आणि औषध ठरविणे हे डॉक्टरांचेच काम आहे आणि त्यात ढवळाढवळ करण्याचा माझा हेतू नाही. परंतु औषध अस्तित्वात असताना, आणि तेही स्वस्त असताना, ते आजारी मुलाच्या तोंडापर्यंत का पोहोचत नाही, हा प्रश्न निव्वळ वैद्यकाचा राहत नाही. तो वाटपाचा प्रश्न होतो, प्रतिष्ठेचा होतो, स्त्रियांच्या स्थानाचा होतो. म्हणजेच तो आपल्या चळवळीचा प्रश्न होतो.

या आजाराला आपल्याकडे अनेक नावे आहेत. कोणी मिरगी म्हणतात, कोणी फेफरे, कोणी आकडी, तर हल्ली सर्रास फिट म्हणतात. आयुर्वेदात त्याला अपस्मार म्हटले आहे आणि चरकसंहितेत त्यावर स्वतंत्र विवेचन आहे. ग्रीसमध्ये सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी हिपॉक्रेटिसच्या परंपरेतील एका ग्रंथकाराने असे प्रतिपादन केले होते की, ज्याला लोक दैवी आजार समजतात तो इतर आजारांइतकाच नैसर्गिक आहे आणि त्याचे मूळ मेंदूत आहे. हे प्रतिपादन इतके जुने असूनही आज आपल्या गल्लीतले मूल झटका येऊन पडले की पहिली कुजबूज बाहेरच्या बाधेचीच होते. असे का व्हावे, याचा विचार आपल्याला करावयाचा आहे.

आजार कसा आहे

मेंदूतील पेशींचे काम अतिसूक्ष्म विद्युत्‌संदेशांनी चालते. या संदेशांचा अचानक आणि अनावर लोंढा उसळला म्हणजे झटका येतो. असे झटके बाहेरचे तात्कालिक कारण नसताना पुन:पुन्हा येऊ लागले म्हणजे त्यास अपस्मार म्हणावयाचे. हा आजार स्पर्शाने पसरत नाही, उष्ट्याने पसरत नाही, श्वासाने पसरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ५ कोटी लोकांना तो आहे आणि त्यांतील जवळजवळ ८० टक्के लोक गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. योग्य निदान आणि औषधोपचार झाल्यास १०० पैकी ७० जण झटक्यांपासून मुक्त राहू शकतात, असे हीच संघटना सांगते. तरीही गरीब देशांतील सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांना आवश्यक तो उपचार मिळत नाही.

हे आकडे आपल्या गावाच्या मापाने मोजून पाहा. दर हजारी पाच असे सावध प्रमाण धरले तरी पंधरा हजार वस्तीच्या कोणत्याही गावात पाऊणशे रुग्ण निघतील, आणि त्यांतली बरीच बालके व किशोरवयीन मुले असतील. आपल्यापैकी प्रत्येकाने मनाशी विचारावे, आपल्या ओळखीची अशी मुले किती? एक? दोन? मग बाकीची कोठे आहेत? ती याच गावात, घराच्या आतल्या खोलीत आहेत.

झटका म्हणजे अंग ताठ होणे, हातपाय आपटणे, तोंडाला फेस येणे, एवढेच चित्र आपल्या डोळ्यांसमोर असते. मुलांमध्ये त्याची रूपे पुष्कळ वेगळी असू शकतात. वर्गात बसलेली मुलगी वाक्य बोलता बोलता काही क्षण थांबते, कोऱ्या नजरेने पाहते आणि पुन्हा बोलू लागते. असे दिवसातून कितीतरी वेळा घडते. गुरुजी तिला लक्ष नसल्याबद्दल रागावतात. हाही मिरगीचा एक प्रकार आहे. काही महिन्यांचे बाळ झोपेतून उठल्यावर लागोपाठ अंग आवळून घेते, मान खाली झुकवते. घरात म्हणतात, दचकते आहे, पोट दुखत असेल. हा प्रकार वेळीच ओळखला नाही तर त्या बाळाच्या बौद्धिक वाढीचे कायमचे नुकसान होऊ शकते. याउलट, सहा महिने ते पाच वर्षे या वयात तीव्र तापाबरोबर आलेला झटका बहुधा निरुपद्रवी असतो आणि अशा बहुसंख्य मुलांना पुढे मिरगी होत नाही. म्हणजे जेथे घाबरू नये तेथे पालक घाबरतात आणि जेथे धावत सुटावयास हवे तेथे निश्चिंत राहतात. यात त्यांचा दोष काय? त्यांना हे कोणी सांगितलेलेच नाही.

कारणांतही गरिबी आहे

कित्येक मुलांमध्ये या आजाराचे कारण सापडत नाही. काहींत ते आनुवंशिक असते. परंतु आपल्या देशात टाळता येण्याजोग्या कारणांचा वाटा फार मोठा आहे. प्रसूती अडली, बाळ उशिरा रडले, मेंदूला प्राणवायू कमी पडला, नवजात बाळाच्या रक्तातील साखर उतरली आणि कोणाच्या लक्षात आले नाही, मेंदूज्वर झाला, डोक्याला मार लागला. ज्या चांदीपुरा विषाणूचे नाव आज देशभर मेंदूज्वराच्या साथींसंबंधात घेतले जाते, तो १९६५ साली आपल्या नागपूर परिसरातच प्रथम सापडला, हे येथे आठवावे. मेंदूला सूज आणणाऱ्या अशा आजारांतून वाचलेल्या मुलांपैकी काहींच्या मागे झटके लागतात.

आणखी एक कारण आहे डुकराच्या मांसातून माणसाच्या आतड्यात जाणाऱ्या पट्टकृमीचे. त्याची अंडी माणसाच्या विष्ठेतून माती, पाणी आणि भाजीपाल्यात उतरतात. ती पोटात गेली म्हणजे अळ्या मेंदूपर्यंत पोहोचून तेथे गाठी करतात. भारतातील मुलांच्या झटक्यांमागे हे एक नेहमी आढळणारे कारण आहे. जन्मभर शाकाहारी राहिलेल्या घरातल्या मुलालाही ते होऊ शकते, कारण अंडी येतात ती न धुतलेल्या भाजीतून आणि अस्वच्छ हातांतून. तेव्हा उघड्यावरचे शौच, वाहती गटारे, मोकाट डुकरे, पाण्याची नळयोजना, मांसाची तपासणी, हे नगरपरिषदेच्या कार्यक्रमपत्रिकेवरचे रुक्ष वाटणारे विषय मुलांच्या मेंदूशी थेट जोडलेले आहेत. मागच्या जन्मीच्या पापाचा शोध घेण्यापेक्षा गटाराचा शोध घेतलेला बरा.

तीन थर

पालकांच्या जाणिवेचे मला तीन थर दिसतात आणि कार्यकर्त्याने ते वेगवेगळे ओळखले पाहिजेत.

पहिला थर म्हणजे निव्वळ माहिती नसणे. झटका आला की कांदा किंवा चप्पल हुंगविणे, हातात लोखंडी किल्ली देणे, दातखीळ सोडविण्यासाठी तोंडात चमचा घालणे, तोंडावर पाणी मारून ते पाजण्याचा प्रयत्न करणे, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. बहुतेक झटके एकदोन मिनिटांत आपोआप थांबतात आणि त्या वेळी हातात किल्ली असते, म्हणून श्रेय किल्लीला मिळते. चमच्याने दात मात्र तुटतात आणि पाणी श्वासनलिकेत जाऊ शकते. खरे करावयाचे ते साधे आहे. मुलाला कुशीवर वळवावे. डोक्याखाली मऊ काही ठेवावे. गळ्याजवळचे कपडे सैल करावेत. जवळची चूल, टोकदार वस्तू दूर कराव्यात. हातपाय दाबून धरू नयेत, तोंडात काहीही घालू नये. घड्याळ पाहावे; पाच मिनिटांत झटका थांबला नाही, किंवा शुद्धीवर न येता दुसरा आला, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे. झटका पहिलाच असेल तर तो थांबल्यावरही डॉक्टरांकडे न्यावे. एवढे ज्ञान प्रत्येक घराला देणे हे एका महिन्याचे काम आहे.

दुसरा थर म्हणजे चुकीचे नाव देणे. बाधा, नजर, करणी, देवीचा कोप. येथे वेळ जातो, पैसा जातो, आणि काही ठिकाणी मुलाला मारहाण, चटके, धुरी यांसारखे अमानुष प्रकार होतात. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्यानंतर जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात त्याचा कायदा झाला. भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. कार्यकर्त्याने तो कायदा खिशात ठेवावा. परंतु मुलाची आई देवाला नवस बोलते म्हणून तिच्याशी भांडत बसू नये. नवस असो वा नसो, गोळी एकही दिवस चुकता कामा नये, एवढ्यावर तिच्याशी करार करावा. गोळीने झटके थांबले की तिच्या मनातील उलगडा हळूहळू होईल.

तिसरा थर सर्वांत खोल आहे. सर्व काही कळूनही लपविणे. हे पालक अडाणी नाहीत. त्यांनी नागपूरच्या डॉक्टरांना दाखविलेले असते, मेंदूचा आलेख काढलेला असतो, रोगाचे नाव त्यांना ठाऊक असते. तरीही शेजारी, शाळा, नातलग यांपासून ते सारे दडवितात, आणि पुष्कळदा गोळ्याही मध्येच बंद करतात. आपले कार्यकर्ते एक वाक्य फार सहज उच्चारतात की लोक अडाणी आहेत. या तिसऱ्या थरापुढे ते वाक्य निरुपयोगी ठरते. येथे अज्ञान नसून हिशेब आहे, आणि तो हिशेब आपण समजून घेतला पाहिजे.

लपविण्याचा हिशेब

तो हिशेब असा : मुलीला मिरगी आहे हे कळले तर तिचे लग्न होणार नाही. तिच्या बहिणीचेही अडेल. मुलाला शाळेत बसू देणार नाहीत, पुढे कामावर घेणार नाहीत. दोष आईच्या माहेराकडे जाईल. लपविले तर यांपैकी काही टळेल, निदान लांबेल. आईबाप जो निर्णय घेतात तो समाजाने समोर मांडलेल्या किंमतपत्रिकेवरून घेतात. ती किंमतपत्रिका त्यांनी तयार केलेली नाही.

ती कोणी तयार केली, याचे एक उत्तर कायद्याच्या पुस्तकात आहे. हिंदू विवाह कायदा १९५५ चा. त्यात १९७६ साली दुरुस्ती झाली आणि वेडाचे किंवा अपस्माराचे वारंवार झटके येणाऱ्या व्यक्तीला विवाहास अपात्र ठरविणारे कलम घालण्यात आले. अशा कारणावरून विवाह रद्द करून घेण्याची वाट मोकळी झाली. विशेष विवाह कायद्यातही असाच उल्लेख होता. अपस्मार हा शब्द या कायद्यांतून वगळण्यासाठी १९९९ साल उजाडावे लागले. मधली तेवीस वर्षे आपल्या प्रजासत्ताकाच्या कायद्याने, गोळीने आटोक्यात येणाऱ्या एका आजाराला वेडाच्या पंक्तीत बसविले होते. त्या काळात लग्न होऊन आलेल्या स्त्रिया आज घराघरांत सासवा आहेत, आज्या आहेत. मुलगी दाखवायच्या वेळी त्या काय लपवितात आणि का लपवितात, याचे आपल्याला नवल वाटावयास नको. कायदा बदलला हे त्यांना कोणी जाऊन सांगितले काय?

लपविण्याची खरी किंमत मात्र ती मुलगी भरते. लग्नानंतर सासरी गोळ्यांचा डबा कोठे ठेवावा हा तिचा पहिला प्रश्न असतो. लपून घेता येत नाही म्हणून गोळी चुकते. गोळी चुकली की झटका येतो, आणि तो चुलीजवळ, विहिरीच्या काठावर, कडेवर मूल असताना येऊ शकतो. औषध एकाएकी बंद केल्याने झटक्यामागून झटके येऊन जीवावर बेतू शकते. शिवाय या आजारातील काही औषधे गर्भाला अपायकारक असल्याने गर्भधारणेच्या आधीच डॉक्टरांच्या सल्ल्याने बदलावी लागतात. ज्या घरात आजाराचा उच्चारच होऊ शकत नाही, त्या घरात हा सल्ला कोण घेणार? वस्तुत: योग्य देखरेखीखाली या आजाराच्या बहुसंख्य स्त्रिया निरोगी बाळांना जन्म देतात. येथे जीव धोक्यात येतो तो बहुतांशी गुप्ततेमुळे.

गोळी स्वस्त, वाट महाग

आता अर्थकारणाकडे येऊ. फिनोबार्बिटोन या औषधाचा मिरगीवरील उपयोग १९१२ साली सिद्ध झाला, फेनिटॉइनचा १९३८ साली. जागतिक आरोग्य संघटनेने १९७७ साली अत्यावश्यक औषधांची पहिली यादी प्रसिद्ध केली, तीत ही दोन्ही औषधे होती. त्यांवर कोणाचा एकाधिकार उरलेला नाही. आपल्याच देशात पश्चिम बंगालच्या ग्रामीण भागातील मुलांवर या दोन औषधांची तुलना करून पाहण्यात आली आणि जुने, स्वस्त फिनोबार्बिटोन मुलांना तितकेच मानवते असे १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात आढळले. कर्नाटकातील येळंदूर भागात साध्या गावपातळीवरच्या व्यवस्थेतून हीच औषधे देऊन वर्षानुवर्षे रुग्ण सांभाळता येतात, हे डॉ. के. एस. मणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले; तो अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. कोणत्या मुलाला कोणते औषध द्यावयाचे हे डॉक्टरच ठरवितील. माझा मुद्दा एवढाच की, एका रुग्णाच्या वर्षभराच्या औषधाचा खर्च ५ डॉलर, म्हणजे चारशेसाडेचारशे रुपये, इतका खाली आणता येतो असे जागतिक आरोग्य संघटना म्हणते. मग अडते कोठे?

खापा हे कन्हानच्या काठचे कोष्टी विणकरांचे जुने गाव. पलीकडे गुमगावची मँगनीजची खाण, भोवती कापूस आणि संत्र्याची शेती. मागावर बसणाऱ्याची मजुरी नगावर ठरते, वेचणीला जाणाऱ्या बाईची किलोवर किंवा दिवसावर. मूल घेऊन नागपूरला जावयाचे म्हणजे एकाचा, बहुधा दोघांचा, दिवस बुडाला. एस. टी. चे भाडे, वर चहापाणी, रांगेत नंबर लागला नाही तर दुसरी खेप. महिन्याच्या गोळ्यांपेक्षा त्या आणावयाची वाट महाग पडते. आणि हे दोनचार महिन्यांचे काम नाही. झटके थांबल्यानंतरही साधारणपणे निदान दोन वर्षे औषध चालू ठेवावे लागते आणि मग डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ते हळूहळू कमी करावयाचे असते. मूल सहा महिने बरे दिसले की गरीब बाप म्हणतो, आता कशाला खर्च? त्याचा तर्क चुकीचा आहे, पण तो आळसातून आलेला नाही. कमाईच्या तुटपुंजेपणातून आला आहे.

आपल्या सार्वजनिक आरोग्याच्या योजना या गरजेच्या नेमक्या उलट दिशेला तोंड करून उभ्या आहेत. महात्मा फुले जन आरोग्य योजना काय किंवा २०१८ ची आयुष्मान भारत योजना काय, त्यांचा भर रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांवर आहे. शस्त्रक्रिया झाली तर लाखांचे बिल विम्यातून जाते. दररोजची गोळी मात्र बापाच्या खिशातून येते. मोठ्या खर्चाच्या प्रसंगाला संरक्षण आणि छोट्या, रोजच्या खर्चाला नाही, अशी ही रचना आहे. मिरगीच्या मुलाला नेमका तो छोटा, रोजचा, न चुकणारा आधार हवा असतो. महाराष्ट्र शासनाने १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार नि:शुल्क केले, हे स्वागतार्हच झाले. परंतु त्या निर्णयाच्या कक्षेत वैद्यकीय शिक्षण विभागाची रुग्णालये नव्हती, आणि मेंदूविकाराचे तज्ज्ञ तर बहुधा तेथेच असतात. शिवाय केसपेपर फुकट मिळाला आणि खिडकीवर गोळी नाही असे उत्तर आले, तर त्या फुकटपणाचा अर्थ काय?

१९७५ साली हाथी समितीने औषधउद्योगाचा अहवाल दिला. ११७ अत्यावश्यक औषधांची यादी करावी, औषधे मूळ नावाने विकावीत, परदेशी कंपन्या राष्ट्राच्या मालकीच्या कराव्यात, अशा शिफारशी त्यात होत्या. त्यांतील बहुतेक कागदावर राहिल्या. ज्या जुन्या औषधात नफा उरलेला नाही त्याचा प्रचार बाजार करीत नाही. तेव्हा ते औषध गावात ठेवण्याची जबाबदारी सार्वजनिक यंत्रणेचीच आहे.

कुष्ठरोगाचा धडा

कोणी म्हणेल, गोळी दिल्याने लोकांच्या मनातील कलंक कसा जाईल? विदर्भाने याचे उत्तर पाहिलेले आहे. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाणांनी १९३६ साली कुष्ठसेवेचे काम आरंभिले. वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांनी आनंदवन उभे केले. या थोर माणसांनी समाजाची मान खाली घालावयास लावली. परंतु गावागावांतील भीती ओसरू लागली ती १९८३ नंतर, जेव्हा राष्ट्रीय कार्यक्रमातून बहुविध औषधांचा उपचार फुकट घरापर्यंत येऊ लागला आणि बरी झालेली माणसे शेजारी दिसू लागली. वैवाहिक कायद्यांतून कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मात्र २०१९ सालीच वगळले गेले. सेवाभावाने वाट दाखविली, गोळीने भीती घालविली, कायदा सर्वांच्या मागून आला. क्षयरोगाच्या गोळ्याही सरकार गावात पोहोचविते. मग मिरगीच्या मुलाने काय अपराध केला आहे?

उघड आहे की क्षय आणि कुष्ठ संसर्गजन्य आहेत. त्यांपासून इतरांना धोका असतो, म्हणून शासन हलते. मिरगीचा धोका एकट्या त्या मुलाला असतो. ज्या आजारापासून श्रीमंताला भय नाही त्यासाठी शासन तत्परतेने हलत नाही, हा आपल्या आरोग्यधोरणाचा न लिहिलेला नियम आहे. समाजवादी पक्षाचे प्रयोजन हा नियम मोडणे हेच नव्हे काय?

काय करावयाचे

जागतिक आरोग्य परिषदेने २०२२ मध्ये मेंदूविकारांसाठी २०३१ पर्यंतचा कृतिआराखडा स्वीकारला. त्यात अपस्मारासाठी ९०, ८०, ७० असे लक्ष्य आहे. शंभरातील ९० रुग्णांना आपला आजार उपचारयोग्य आहे हे ठाऊक असावे, निदान झालेल्यांपैकी ८० टक्क्यांना परवडणारी औषधे मिळावीत, उपचार घेणाऱ्यांपैकी ७० टक्क्यांचे झटके आटोक्यात यावेत. जिनिव्हात ठरलेले हे लक्ष्य खाप्यात उतरवावयाचे असेल तर मी पाच कामे सुचवितो.

पहिले, मोफत गोळ्यांचा अखंड पुरवठा. जवळच्या आरोग्य केंद्रात आणि सावनेरला मिरगीची मूलभूत औषधे आहेत की नाहीत, हे आपल्या शाखेने दरमहा लेखी विचारावे. एका वेळी निदान दोन महिन्यांच्या गोळ्या मिळाव्यात आणि नागपूरचे तज्ज्ञ ठरलेल्या दिवशी तालुक्याला यावेत, अशी मागणी लावून धरावी. शंभर मुलांना नागपूरला नेण्यापेक्षा एका डॉक्टरला सावनेरला आणणे स्वस्त आहे, हे सांगावयास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

दुसरे, शोध. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यात पालघरहून सुरू झाला. त्याच्या पथकांनी अंगणवाडी आणि शाळांतील मुले तपासावयाची असतात आणि तपासणीच्या यादीत झटक्यांचा विकारही आहे. पथक येते त्या दिवशी आपला कार्यकर्ता तेथे हवा. आशाताई आणि अंगणवाडीसेविका यांना घराघराची खबर असते. त्यांना मदत करावी आणि त्यांच्या मानधनाच्या लढ्यात त्यांच्या बाजूने उभे राहावे.

तिसरे, शाळा. मिरगी आहे म्हणून कोणत्याही मुलाला शाळेबाहेर ठेवता येणार नाही. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला २००९ च्या कायद्याने शिक्षणाचा हक्क आहे. प्रत्येक शाळेत निदान दोन शिक्षकांना झटक्याच्या वेळची मदत करता आली पाहिजे. मुलाला एकट्याने कन्हानेत पोहावयास किंवा झाडावर चढावयास पाठवू नये, एवढी काळजी पुरे. खेळातून, सहलीतून, स्नेहसंमेलनातून त्याला वगळू नये. एक झटका दोन मिनिटांत ओसरतो, पण वर्गाबाहेर बसविल्याची जखम बराच काळ राहते.

चौथे, नगरपरिषद. गटारे, शौचालये, मांसविक्रीच्या जागेची तपासणी आणि सुरक्षित प्रसूती या मागण्या करताना त्यांचा मुलांच्या मेंदूशी असलेला संबंध पत्रकात स्पष्ट लिहावा.

पाचवे काम सर्वांत अवघड आहे, कारण ते आपल्या स्वत:च्या घरात करावयाचे आहे. डॉ. लोहियांनी सप्तक्रांतीत स्त्रीपुरुषसमतेला पहिले स्थान दिले, असे आपण शिबिरांतून शिकवितो. मग पक्षाच्या एखाद्या कार्यकर्त्याच्या घरी असे स्थळ आले, मुलगी शिकलेली आहे, नियमित औषध घेते, तीन वर्षांत झटका आलेला नाही, आणि तिच्या आईबापांनी हे स्वत: होऊन सांगितले, तर त्या कार्यकर्त्याचे उत्तर काय असेल? जोवर खरे सांगणाऱ्याला नकार आणि लपविणाऱ्याला होकार मिळतो, तोवर कोणताही पालक खरे सांगणार नाही. किंमतपत्रिका बदलावयाची असेल तर ती पहिल्यांदा आपल्या उंबऱ्यावर बदलावी लागेल.

या सभेला पालकही आले आहेत. त्यांना एवढेच सांगतो की तुमच्या मुलाच्या आजारात तुमचे पाप नाही, मुलाच्या आईचा दोष नाही आणि लाज बाळगण्यासारखे काहीही नाही. गोळी चुकवू नका. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ती बंद करू नका. झटका कधी आला, किती वेळ टिकला, हे एका वहीत लिहून ठेवा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा. डॉक्टरांना आलेखाइतकाच तिचा उपयोग होतो. मुलाच्या गुरुजींना विश्वासात घ्या. आणि खिडकीवर गोळी नाही असे उत्तर मिळाले तर मुकाट्याने परत फिरू नका. शाखेत येऊन सांगा. पुढच्या महिन्यात त्या खिडकीसमोर तुमच्याबरोबर आमची माणसे उभी राहतील, याची व्यवस्था शाखेने आजच्या सभेतच करून उठावे, अशी अध्यक्षांना माझी विनंती आहे.